स्पॅनिशला जायची जवळची वाट

वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक, एवढं विदर्भात अनेकांना ठाऊक असतं. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव गेल्यामुळे मायदेशाचं दार बंद झालं, तेव्हा १९२०च्या दशकात ते मेक्सिकोत गेले. तिथल्या चापिंगो गावच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं, त्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले, नागपुरात राहिले आणि १९६७ साली नागपुरातच वारले. २०२२मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

या प्रकरणाला खानखोज्यांचा उपयोग असा, की वऱ्हाड-नागपूरच्या मराठीवर पोसलेली एक जीभ तीन दशकं स्पॅनिशमध्ये वावरली. त्यांचं आडनाव रोमन अक्षरांत लिहून एखाद्या मेक्सिकन माणसापुढे ठेवलं तर तो ते वाचेल ‘कानकोख़े’. त्यात चूक काही नाही. स्पॅनिशमध्ये एच हे अक्षर मुकं असतं आणि जे या अक्षराचा उच्चार घशातून येतो. त्याच हिशेबाने विजयचा ‘बिख़ाय’ होतो, गजाननाचा ‘गाख़ानान’ आणि जोश्यांचे ‘ख़ोसी’, कारण ‘श’ हा ध्वनी या भाषेत बहुतेक ठिकाणी नाही. आपल्या घरातली नावं अशी वाचून बघावीत. स्पॅनिश उच्चारांचे निम्मे नियम त्यातच हाती लागतात.

आज स्पॅनिश सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आणि २० देशांची राजभाषा आहे. ती शिकणारा नागपूरचा मुलगा किंवा मुलगी बहुधा इंग्रजीतून शिकते. पुस्तक इंग्रजी, मोबाइलवरचं ॲप इंग्रजी, शिकवणारेही ‘स्पॅनिशमध्ये अमुक म्हणजे इंग्रजीत तमुक’ असंच सांगतात. माझं म्हणणं आहे की हा फेरा आहे. मराठीतून स्पॅनिशकडे जाणारी वाट जवळची आहे, आणि नागपूरकराला तर ती पुणेकरापेक्षाही थोडी जवळ पडते. हे गमतीने म्हणत नाही. पुढे कारणं येतील.

आधी तोंडाची तयारी. इंग्रजीतला टी आपण ‘ट’ लिहितो आणि डी ‘ड’. हीच सवय स्पॅनिश वाचताना आडवी येते आणि ‘तोमाते’चं ‘टोमाटे’ होतं, ‘दोक्तोर’चं ‘डॉक्टर’. स्पॅनिशमध्ये ट, ठ, ड, ढ, ण, ळ ही जीभ वळवून उच्चारायची पंगतच नाही. तिथे आहेत स्वच्छ दंत्य त आणि द, आपल्याच ‘ताक’ आणि ‘दार’मधले. प आणि क यांचंही तेच. इंग्रज माणूस शब्दारंभी ‘प’ म्हणताना हवेचा झोत सोडतो, त्यामुळे त्याचा ‘पान’ आपल्या कानाला ‘फान’कडे झुकलेला लागतो, आणि तो झोत काढून टाकायला त्याला मेहनत पडते. आपल्याकडे प आणि फ, क आणि ख पहिलीपासून वेगळे शिकवतात. ही मेहनत आपल्याला माफ.

स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, म्हणजे मराठी शुद्धलेखनात छळणारी वेलांटी-उकाराची भानगड इथे नाही. पण आपला ‘अ’ही नाही, आणि इथे मराठी माणसाने सावध राहावं. घराला ‘कासा’ म्हणायचं, ‘कस’ नाही की ‘कसा’ नाही. आपण ‘राम’ लिहून शेवटचा अ खाऊन टाकतो. स्पॅनिशमध्ये स्वर खायची सोय नाही, शेवटचा आ, ए, ओ पूर्ण ऐकू यायला हवा.

स्वर खायचा नाही, पण सगळे स्वर सारखेही तोलायचे नाहीत. शब्दात कुठेतरी आघात येतो. शब्द स्वराने, एनने किंवा एसने संपत असेल तर शेवटून दुसऱ्या अवयवावर जोर, नाहीतर शेवटच्यावर, आणि या नियमाला अपवाद असेल तिथे स्वरावर तिरकी रेघ काढलेली असते. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण ती रेघ नजरेआड करतो. ती करू नये. पहिल्या अवयवावर जोर देऊन ‘पापा’ म्हटलं तर लॅटिन अमेरिकेत तो बटाटा. दुसऱ्यावर दिला तर बाबा. ‘एस्ता’चंही तसंच: जोर आधी आला तर ‘ही’, नंतर आला तर ‘आहे’.

आता दोन र. एक साधा, आपल्या ‘बरा’तला. दुसरा कंप पावणारा. तो शब्दाच्या सुरुवातीला असतो किंवा आर दोनदा लिहिलेला असतो तिथे. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ‘कारो’ म्हणजे महाग, ‘कार्रो’ म्हणजे मोटार. इंग्रजी पुस्तकं या दुसऱ्या र साठी पानंच्या पानं खर्च करतात. मराठी माणसाने चिमणी भुर्रकन उडवावी, गरम चहा फुर्रकन ओढावा, कागद टर्रकन फाडावा. तोच र.

च मराठीत दोन आहेत, ‘चहा’तला आणि ‘चाक’मधला. स्पॅनिशला फक्त चहातला चालतो: ‘लेचे’ म्हणजे दूध, ‘नोचे’ म्हणजे रात्र. बी आणि व्ही ही अक्षरं दोन, पण ध्वनी एकच. शब्दारंभी तो ब असतो. दोन स्वरांच्या मधे आला की ओठ पुरते मिटत नाहीत आणि आपल्या व च्या जवळ जातो. म्हणून ‘मी राहतो’ याला ‘बिवो’ म्हणायचं: अक्षर तेच, आधी ब, मग व. पुढे मी उच्चार तसेच लिहिले आहेत. घशातला ख़ मात्र मराठीत नाही. आपला ख त्याच्या जागी ठेवला तर ऐकणारा गोंधळेल, कारण त्याला तो क वाटेल. पण मोमिनपुऱ्यात किंवा कामठीला चांगलं उर्दू कानावर पडलेल्याला ‘ख़बर’ आणि ‘ख़त’ यांतला ख़ माहीत असतो. तोच इथला. मेक्सिकोत तो सौम्य, कॅरिबियन बेटांवर जवळजवळ ह, स्पेनच्या उत्तरेला घसा खरवडणारा. जमत नसेल तर ह वर भागवावं, कोणी हसणार नाही.

आणि आता विदर्भाचा पहिला हक्क. वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे: डोळा ‘डोया’, काळा ‘काया’, जवळ ‘जवय’. शाळेत यावरून मुलांना बोलणी बसतात. स्पॅनिशमध्ये एल दोनदा लिहिला की त्याचा उच्चार पूर्वी ‘ल्य’सारखा होता, शतकांच्या ओघात बहुतेक प्रदेशांत त्याचा य झाला. तिकडचा ल टाळूवरचा, आपला ळ जीभ वळवलेला, त्यामुळे दोन्ही बदल अगदी एक नव्हेत. पण ल च्या कुळातला ध्वनी घसरत य पर्यंत येणं ही चाल तीच. आज माद्रिदचा सुशिक्षित माणूसही य म्हणतो आणि त्याला कोणी अडाणी ठरवत नाही. अर्जेंटिनात, ब्यूनोस आयरेसच्या बाजूला, तो आणखी पुढे घसरून श झाला आहे.

हा य ओळख करून देताना पहिल्याच वाक्यात भेटतो. ‘मे यामो पांडुरंग’. शब्दशः ‘मी स्वतःला पांडुरंग म्हणवतो’, अर्थ ‘माझं नाव पांडुरंग’. समोरच्याला विचारायचं तर ‘कोमो ते यामास?’, वडीलधाऱ्याला, अनोळखी माणसाला, दुकानदाराला ‘कोमो से यामा उस्तेद?’. ‘तू’ला स्पॅनिशमध्येही तूच म्हणतात, उच्चारासकट. इंग्रजी शिकताना तू, तुम्ही, आपण सगळे एका ‘यू’त कोंबावे लागले होते, इथे ते पुन्हा सुटे होतात. ‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे, म्हणूनच त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येतं, जणू समोरच्याशी नव्हे तर त्याच्या कृपेशी बोलणं चाललंय. तू कधी आणि उस्तेद कधी, हे देशागणिक बदलतं. स्पेनमध्ये तू लवकर सुरू होतं. कोलंबियात बोगोताकडे नवरा-बायको, भाऊ-बहीणही एकमेकांना उस्तेद म्हणताना ऐकू येतात. अर्जेंटिनात तू जवळजवळ नाहीच, तिथे ‘बोस’ चालतं. शंका असेल तर उस्तेदने सुरुवात करावी. समोरचा सांगेल तेव्हा खाली उतरता येतं.

नाव कळल्यावर ‘मुचो गुस्तो’ म्हणावं, म्हणजे भेटून आनंद झाला. त्याच अर्थाचा दुसरा शब्द पुरुष ‘एन्कान्तादो’ म्हणतो आणि बाई ‘एन्कान्तादा’. मी आलो, मी आले असा भेद पाळणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मराठीसारखाच कर्ताही गाळता येतो. ‘नागपूरला राहतो’ म्हणताना आपण ‘मी’ खर्ची घालत नाही, तेही नुसतं ‘बिवो एन नागपूर’ म्हणतात. क्रियापदाच्या शेपटीवरून कोण ते कळतं. इंग्रजीवरून आलेला विद्यार्थी प्रत्येक वाक्याला ‘यो, यो’ करत सुटतो आणि ऐकणाऱ्याला तो माणूस फार मीपणा करणारा वाटतो.

देश सांगताना जरा जपून. ‘इन्दियो’ म्हणजे भारतीय खरंच, पण कोलंबसाच्या घोटाळ्यामुळे लॅटिन अमेरिकेत तोच शब्द तिथल्या मूळ रहिवाशांना चिकटला आणि अनेक ठिकाणी हेटाळणीचा झाला. म्हणून मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत भारतीय माणसाला सर्रास ‘इन्दू’ म्हणतात, मग तो मुसलमान असो, बौद्ध असो की ख्रिस्ती. दीक्षाभूमीच्या गावातल्या माणसाला हे खटकू शकतं. ‘सोय दे ला इन्दिया’, मी भारताचा, हे सर्वांत निर्धोक.

नावाचा घोळ याहून मोठा. स्पॅनिश जगात माणसाला सहसा दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांतलं गार्सिया वडिलांकडून, मार्केस आईकडून. त्यांना नुसतं ‘मार्केस’ म्हणणं हा आपल्याकडचा आणि इंग्रजीतला गैरसमज. बायका लग्नानंतर स्वतःचं आडनाव सोडत नाहीत. या चौकटीत ‘पांडुरंग सदाशिव खानखोजे’ असं मराठी नाव भरलं, तर समोरचा कारकून सदाशिव हे पितृकुळाचं आडनाव समजण्याची आणि ‘सेन्योर सादासिव’ अशी हाक मारण्याची दाट शक्यता. बाईंच्या बाबतीत नवऱ्याचं नाव तिथे बसतं. फॉर्म भरताना मधलं नाव कुठल्या रकान्यात घालायचं, हे आधीच ठरवून जावं.

आता विदर्भाचा दुसरा हक्क, आणि तो पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ याला दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. नाव, गाव, धंदा, नातं यांना सेर: ‘सोय दोक्तोर’, ‘सोय दे नागपूर’. हालहवाल आणि ठावठिकाणा यांना एस्तार: ‘एस्तोय बिएन’, मी बरा आहे; ‘एस्तोय एन कासा’, घरी आहे. इंग्रजी पुस्तकं सांगतात, कायमचं ते सेर आणि तात्पुरतं ते एस्तार. हा नियम दोन पावलंही टिकत नाही. नागपूर महाराष्ट्रात आहे, आणि ते काही उद्या हलणार नाही, तरी ‘नागपूर एस्ता’ म्हणायचं. माणूस मेला, याहून कायमचं काय असणार? तरी ‘एस्ता मुएर्तो’. एस्तारचं मूळ लॅटिनमधल्या ‘उभं असणे’ या अर्थाच्या धातूत आहे. कुठे आणि कशा स्थितीत उभं आहे, एवढंच ते सांगतं.

नागपुरात दोन मित्र भेटले की एक विचारतो, ‘काय करून राहिला बे?’ दुसरा म्हणतो, ‘जेवून राहिलो.’ या ‘करून राहिलो’ची पुण्यात टिंगल होते, त्याला हिंदीची नक्कल म्हणतात. असेल. पण स्पॅनिशमध्ये चालू क्रिया अशीच बांधतात: मुख्य धातूचं एक न बदलणारं रूप आणि सोबत स्थितिवाचक एस्तार. ‘के एस्तास आस्येन्दो?’, काय करून राहिला? ‘एस्तोय कोम्येन्दो’, जेवून राहिलो. ‘एस्तोय आप्रेन्दियेन्दो एस्पान्योल’, स्पॅनिश शिकून राहिलो. ‘ऊन’च्या जागी ‘आन्दो’ किंवा ‘येन्दो’ आणि ‘राहिलो’च्या जागी ‘एस्तोय’, फक्त क्रम उलटा. प्रमाण मराठीतलं ‘जेवतोय’ हे एकाच शब्दात मिसळून गेलेलं रूप इथे कामी येत नाही, नागपुरी सुटं रूप येतं. एक मर्यादा सांगायला हवी. ‘उद्या पुण्याला जाऊन राहिलो’ असं नागपूरकर बेतासाठीही म्हणतो. स्पॅनिशमध्ये ते चालत नाही. तिथे साधा वर्तमानकाळ, ‘मान्याना बोय आ पुणे’.

आवडीनिवडीलाही मराठीच कामाला येते. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. कॉफी कर्ता, मला चतुर्थी. अनेक आंबे असतील तर आपण आवडतात म्हणतो, तेही ‘मे गुस्तान’ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘आय लाइक’वरून इथे येणारा महिनाभर डोकं खाजवतो. भूक-तहान मात्र आपल्यासारखी लागत नाही, तिथे ती माणसाजवळ असते: ‘तेन्गो आम्ब्रे’, माझ्याजवळ भूक आहे. वयही तसंच जवळ असतं. आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला, की म्हणायचं ‘आसे मुचो कालोर’, फार उष्मा करतोय. कोण करतंय, ते विचारायचं नाही.

घरात शिरताना मात्र आपल्याला पोर्तुगीज हात धरून नेतात. १५१०मध्ये गोवा घेतल्यापासून ते कोकणपट्टीवर होते. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तोवर त्यांचे पुष्कळ शब्द मराठी घरांत मुरून गेले होते. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, दोघींची आई लॅटिन. म्हणून दाराची बिजागरी स्पॅनिशमध्ये ‘बिसाग्रा’, परातीच्या कुळातली थाळी ‘प्लातो’, घमेलं ‘गामेया’, पिंप ‘पिपा’, पाव ‘पान’. नागपूरचं घर या बाबतीत दुप्पट श्रीमंत, कारण हिंदीच्या दारानेही तिथे तेच पाहुणे आले आहेत: कपाटाला अलमारी म्हणणाऱ्याला ‘आर्मारियो’ परका नाही, बाल्टी म्हणणाऱ्याला ‘बाल्दे’ नाही, आणि तौलिया म्हणजे ‘तोआया’.

काही शब्दांवर वाटेत संस्कार झालेत. साबणाचा ‘ख़ावोन’ कसा? स्पॅनिशमधला हा घशातला ख़ सोळाव्या-सतराव्या शतकांत घडला; त्याआधी तिथे श होता. म्हणजे त्या काळचा स्पॅनिश माणूस साबणाला शाबोनच्या जवळपास काहीतरी म्हणत असे. मेक्सिको तेव्हा ‘मेशिको’ होता, आज ‘मेख़िको’. चावीची गोष्ट याहून सरळ. लॅटिनमध्ये शब्दारंभी क्ल होतं. त्याचा पोर्तुगीजमध्ये च झाला आणि स्पॅनिशमध्ये तोच दोन एलवाला य. म्हणून आपली चावी, त्यांची ‘यावे’. पुढे पोर्तुगीजांनी स्वतःच्या च चा श करून टाकला. चारशे वर्षांपूर्वीचा त्यांचा च आपल्या चावीत तसाच राहिला आहे.

ओळखीच्या चेहऱ्यांवर फार विसंबू मात्र नये. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. महिन्याचा पगार हवा असेल तर ‘सालारियो’ किंवा ‘स्वेल्दो’ मागा. ‘माएस्त्रो’ला घरकामाला बोलावलंत तर शाळामास्तर येण्याचा संभव, कारण मेस्त्रीचं मूळ तिकडे मुख्यतः शिक्षक आहे. अर्जेंटिनात भाजीवाल्याकडे ‘बाताता’ मागितला तर तो रताळी तोलून देईल. बटाटा तिथे ‘पापा’, स्पेनमध्ये ‘पाताता’. ‘पेरा’ म्हणजे नासपती, पेरूला ‘ग्वायावा’. चिकू मात्र खात्रीचा: मूळ मेक्सिकोच्या आदिवासी भाषेतला शब्द, स्पॅनिशमधून जगभर फिरला. तोमातेही तिथलाच.

पोर्तुगीजांनी न दिलेले शब्द पाठच करावे लागतात. दार ‘पुएर्ता’, खिडकी ‘बेन्ताना’, खुर्ची ‘सिया’, टेबल ‘मेसा’, पलंग ‘कामा’, स्वयंपाकघर ‘कोसिना’, न्हाणीघर ‘बान्यो’, चमचा ‘कुचारा’, सुरी ‘कुचियो’, मीठ ‘साल’, पंखा ‘बेन्तिलादोर’. साखर ‘आसूकार’, ही आपल्याच शर्करेची फार्सी-अरबीमार्गे गेलेली पणती. लिंगं दोनच, नपुंसक नाही, त्यामुळे दार आणि पाणी यांना कुठेतरी जावंच लागतं. दोन्ही स्त्रीलिंगात गेली. त्यातही पाणी चावट आहे. ‘आग्वा’ स्त्रीलिंगी, पण सुरुवातीला आघाताचा आ असल्यामुळे त्याच्यापुढे पुल्लिंगी ‘एल’ लावतात आणि विशेषण पुन्हा स्त्रीलिंगी: ‘एल आग्वा फ्रीआ’, थंड पाणी. शब्द पाठ करताना हे एल किंवा ला सोबतच पाठ करावं, नंतर चिकटवायला गेलं की विसरतं.

आणि गावाची ओळख. ‘ऑरेंज सिटी’ हे इंग्रजी बिरुद उचलून ‘ला स्युदाद दे लास नारान्ख़ास’ म्हणण्याचा मोह होईल. नारान्ख़ा हा शब्द आपल्या नारंगाचा फार्सी-अरबीमार्गे स्पेनला पोचलेला वंशज आहे, तेव्हा आपलेपणाही वाटेल. पण बालेन्सियाच्या माणसाला नारान्ख़ा म्हटलं की सुरीने कापायचं, साल घट्ट असलेलं फळ डोळ्यांपुढे येतं. २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं नागपुरी संत्रं हे हाताने सोलायचं, फोडी सुट्या होणारं फळ. त्याला तिकडे ‘मान्दारीना’ म्हणतात. मे यामो अमुक, सोय दे नागपूर, ला स्युदाद दे लास मान्दारीनास. डिसेंबरात आलेल्या पाहुण्याला आंबिया बहाराचं संत्रं संपत आलेलं मिळेल, मृग बहाराचं हवं असेल तर फेब्रुवारीत बोलवा: ‘बेन एन फेब्रेरो’.